यादीत माझा नंबर कितवा?

सगळ्यात आधी एक कबुली. पहिली ते दहावी मी कॉन्व्हेंटला होते. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत माझा आणि मराठीचा अजून समझोता झालेला नाही. संपादक मंडळाने चुका दुरुस्त कराव्यात आणि वाचकांनी सांभाळून घ्यावं, ही नम्र विनंती!

तर झालं असं, की थर्ड इयरला ‘इंडस्ट्रियल मॅनेजमेंट’च्या सेमिनारसाठी सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. रूममेटला ‘कायझेन’ आलं, मागच्या बाकावरच्या एकाला ‘फाइव्ह एस’ आलं. म्हणजे दोघंही सुटले, कारण त्याचे पीपीटी सीनियर्सकडे तयारच असतात. माझ्या चिठ्ठीत काय? ‘एअरलाइन मर्जरनंतर पायलट युनियनशी झालेल्या करार-वाटाघाटी’! वर्गात हशा पिकला. मी मेकॅनिकलची. विमानाच्या इंजिनाबद्दल विचारलं असतं तर चार वाक्यं तरी ठोकून दिली असती. चिठ्ठी बदलायला कोणी मिळतंय का ते मेसमध्ये फिरून पाहिलं, वर एक वडापाव देऊ केला. पण कोणी घेईना.

त्या रात्री नेहमीसारखा घरी फोन केला. माझे पप्पा एसटीत ड्रायव्हर आहेत, जालना आगारात.

“काय करायली?” पप्पांनी विचारलं.

“पायलट लोकांचा संप वाचायले. पप्पा, मर्जरला मराठीत काय म्हणतात हो?”

“विलीनीकरण.” पप्पांनी एका क्षणात उत्तर दिलं. मग थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. “जेवलीस का?” एवढं विचारलं आणि फोन मम्मीकडे दिला.

पप्पा गप्प का झाले ते मला माहीत होतं. ते सांगतेच. पण आधी पायलट, कारण पप्पांची गोष्ट मला कळली ती पायलटांमुळे.

आपल्या देशात सरकारी विमान कंपन्या दोन होत्या. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं तेव्हापासून परदेशी जाणारी एअर इंडिया आणि देशात व शेजारपाजारी उडणारी इंडियन एअरलाइन्स. दोघींचा मालक एकच, सरकार. पण घरं वेगळी, रिवाज वेगळे, पगाराची पद्धत वेगळी. पायलटांच्या संघटनाही वेगळ्या. एअर इंडियाची ‘इंडियन पायलट्स गिल्ड’ आणि इंडियन एअरलाइन्सची ‘इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन’. २००७ मध्ये सरकारने दोन्ही कंपन्या एक केल्या. विमानांना एक रंग दिला, तिकिटावर एक नाव छापलं. रंग द्यायला किती वेळ लागतो? पण माणसं एक करायची तर त्यांची एक यादी करावी लागते. खरी भानगड तिथे सुरू झाली.

यादी म्हणजे सेवाज्येष्ठता यादी. मला आधी वाटायचं, पायलटांचं भांडण पगाराचं असेल. चांगला भरपूर पगार आहे, तरी का भांडतात? पण वाचत गेले तसं कळलं, की पायलटचं सगळं आयुष्य या यादीतल्या नंबरावर चालतं. को-पायलटचा कमांडर कधी होणार, मोठं विमान कधी मिळणार, कोणत्या शहरात राहायचं, सणाला सुट्टी कोणाला, हे सगळं नंबर ठरवतो. पगार विमानावर आणि पदावर ठरतो, आणि विमान व पद नंबरावर. आपण एका कंपनीतून दुसरीत गेलो तर अनुभव बरोबर येतो. पायलट दुसऱ्या कंपनीत गेला तर अनुभव येतो, पण यादीत बहुतेक वेळा तो शेवटी उभा राहतो. म्हणून तो सहजासहजी सोडून जात नाही. तो भांडतो.

हॉस्टेलच्या भाषेत सांगते. समजा, उद्या आपलं जुनं हॉस्टेल आणि नवं हॉस्टेल एक केलं. जुन्यात २० मुली, नव्यात ६०. रूम अलॉटमेंटची यादी एकच करायची. जुन्या हॉस्टेलच्या म्हणतील, “अॅडमिशनची तारीख बघा, आम्ही आधी आलो.” नव्या म्हणतील, “असं केलं तर आमच्यातली पहिली मुलगीसुद्धा एकविसावी होईल. प्रमाण लावा, तुमची एक, मग आमच्या तीन.” तिसरी म्हणेल, “माझ्याकडे आत्ता सिंगल रूम आहे, ती का सोडू?” आता सांगा, यातली कोण खोटं बोलतेय? कोणीच नाही! तिघींचंही बरोबर आहे आणि रूम मात्र एकच आहे. मी हे उदाहरण सेमिनारमध्ये दिलं, तेव्हा मागच्या बाकावर खरंच भांडण लागलं.

एअर इंडियात हेच झालं. इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांचं म्हणणं, कंपनी एक तर पगार आणि भत्ते एकसारखे हवेत. तीच वर्दी, तसंच लायसन्स, मग फरक का? एअर इंडियाच्या पायलटांची तक्रार उलटी. आमच्याकडे कमांडर व्हायला जास्त वर्षं लागतात, तिकडचे लवकर होतात. एकच यादी केली तर आमच्या बरोबरीचे आमच्या डोक्यावर बसतील.

पहिला भडका २०११ मध्ये उडाला. २७ एप्रिलला इंडियन एअरलाइन्सच्या बाजूचे आठशेहून जास्त पायलट संपावर गेले. कोर्टाने कामावर जायला सांगितलं तरी गेले नाहीत. संघटनेची मान्यता काढून घेतली गेली, नेत्यांना नोकरीवरून काढलं. दहा दिवसांनी, ६ मे रोजी, सरकारच्या आश्वासनावर संप मिटला. मग सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती बसली. तिचा अहवाल २०१२ च्या जानेवारीत आला. म्हणजे लग्न लागलं २००७ मध्ये आणि घरात कोण कुठे झोपणार याचा कागद तयार झाला २०१२ मध्ये!

त्याच वर्षी दुसरा भडका. आता संप दुसऱ्या बाजूने. बोइंग ७८७, म्हणजे ड्रीमलायनर विमानं येणार होती. एअर इंडियाने विलीनीकरणाच्या आधी मागवलेली २७ विमानं. ती चालवण्याचं ट्रेनिंग इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांनाही द्यायचं ठरलं. गिल्डचे पायलट म्हणाले, हा आमचा हक्क आहे, आमच्या बढत्या त्यावर अवलंबून आहेत. ८ मे २०१२ पासून ते ‘आजारी’ पडले. बडतर्फ झालेल्यांचा आकडा १०१ वर गेला. काही जण दिल्लीत जंतरमंतरवर उपोषणाला बसले. दिल्ली उच्च न्यायालयात कामावर येतो असं सांगितल्यावर ३ जुलैला संप संपला. पूर्ण ५८ दिवस! आणि गंमत बघा, ज्या विमानासाठी हे झालं, ते पहिलं ड्रीमलायनर भारतात आलं तेच मुळी त्यानंतर, सप्टेंबरमध्ये.

‘गंमत’ म्हटलं खरं, पण वाचताना मला हसू येत नव्हतं. जंतरमंतरवर उपोषणाला बसलेल्या पायलटांबद्दल वाचलं आणि मला जालन्याचं बसस्टँड दिसलं. आगाराच्या गेटसमोर मंडप, खाली सतरंजी आणि सतरंजीवर खाकी कपड्यातले पप्पा.

२०२१ ची दिवाळी. मी अकरावीत होते. त्या नोव्हेंबरमध्ये राज्यभर एसटी बंद पडली. मागणी एकच, एसटी महामंडळाचं राज्य शासनात विलीनीकरण. हा जडजंबाल शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो पप्पांच्या तोंडून. कॉन्व्हेंटच्या मराठीच्या पुस्तकात तो नव्हता! पायलटांना विलीनीकरण नकोशा पद्धतीने मिळालं होतं, आणि आमच्या एसटीवाल्यांना ते हवं होतं पण मिळत नव्हतं. तरी आतलं दुखणं एकच होतं. माझी एवढ्या वर्षांची नोकरी कोणत्या यादीत धरणार?

आमच्या शेजारी एक काका राहतात. तेही एसटीत, कंडक्टर. पप्पांपेक्षा बरेच लहान, पण दोघांची जोडी पक्की. संपाच्या मंडपात दोघं शेजारी शेजारी बसायचे. डबा एकाच पिशवीत जायचा.

२४ नोव्हेंबरला सरकारने पगारवाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांना मूळ पगारात ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षांवाल्यांना ४,००० आणि वीसच्या वर झालेल्यांना २,५००. हिशेब असा, की नव्या लोकांचा पगार फारच कमी आहे, म्हणून त्यांना जास्त. हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. पण काकांची तेव्हा आठ वर्षं झाली होती आणि पप्पांची तेवीस. त्या रात्री पप्पा जेवताना एवढंच म्हणाले, “तेवीस वर्षांचे अडीच हजार.” मला वाटलं, पैशाचं बोलतायत. आता वाटतं, ते तेवीस वर्षांबद्दल बोलत होते.

संप चालूच राहिला. संपात पगार नसतो, हे मला तोपर्यंत फक्त वाक्य म्हणून माहीत होतं. मम्मीने शिलाई मशीन बाहेर काढलं. किराणा उधारीवर यायला लागला. आणि माझ्या सीईटीच्या क्लासचा दुसरा हप्ता थकला. माझ्या मैत्रिणींचे वडील व्यापारी, डॉक्टर, कोणी रोलिंग मिलमध्ये इंजिनीअर. क्लासमध्ये सरांनी वर्गासमोर थकलेल्यांची नावं वाचली. माझं नाव तिसरं होतं. (बघा, तीही एक यादीच!)

घरी आले आणि पप्पांना म्हणाले, “बाकीचे लोक जायला लागलेत ना कामावर? मग तुम्हालाच काय झालंय? तुमच्या विलीनीकरणाने माझी फी भरणार आहे का?”

हे मी म्हणाले. मी. सोळा वर्षांची, इंग्लिश मीडियमची हुशार मुलगी.

पप्पा काही बोलले नाहीत. जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, एका पहाटे उठून त्यांनी खाकी कपडे इस्त्री केले आणि ड्युटीवर गेले. त्या दिवसापासून काकांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. काकू आमच्याकडे यायच्या बंद झाल्या. काका शेवटपर्यंत संपात राहिले. पुढे समितीच्या अहवालात विलीनीकरण शक्य नाही असं आलं. उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर व्हा असा आदेश दिला, तेव्हा तेही परतले.

आणि मग व्हायचं तेच झालं. ड्युटी लागली ती दोघांची एकाच गाडीवर! पप्पा ड्रायव्हर, काका कंडक्टर. कंडक्टरची सिंगल बेल म्हणजे थांबा आणि डबल बेल म्हणजे चला, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. महिनाभर त्या दोघांमध्ये तेवढंच बोलणं होतं. गाडी मात्र रोज वेळेवर सुटायची. सेमिनारची तयारी करताना वाचलं, की कॉकपिटमध्ये कॅप्टन आणि को-पायलट चेकलिस्ट मोठ्याने वाचतात, एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं. मला लगेच आमची बस आठवली. एकमेकांवर राग असलेली दोन माणसंसुद्धा मागे बसलेल्यांसाठी बेल देतात आणि ऐकतात. याला कोणत्याच करारात कलम नसतं.

मग हे टाळता येतं का? सेमिनारमधला हा भाग सरांना सगळ्यात आवडला. अमेरिकेत यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट या कंपन्या २००५ मध्ये एक झाल्या. एका बाजूचे पायलट म्हणाले नोकरीची तारीख बघा, दुसरे म्हणाले सध्याचं स्थान बघा. २००७ मध्ये लवादाने यादी करून दिली. ज्यांना ती पटली नाही त्यांची संख्या जास्त होती. त्यांनी २००८ मध्ये मतदान करून जुनी युनियनच बदलून टाकली! कितीतरी वर्षं एकाच कंपनीत दोन गट दोन वेगवेगळ्या करारांवर विमानं चालवत राहिले. याच्या उलट डेल्टा आणि नॉर्थवेस्ट. २००८ मध्ये त्यांचं विलीनीकरण पूर्ण झालं ते ऑक्टोबरमध्ये, पण दोन्हीकडच्या पायलटांनी एकत्र करार त्याआधीच मंजूर केला होता. यादीचा निकाल लवादाकडून डिसेंबरपर्यंत आला. भांडणं तिथेही झाली असतीलच. पण आधी माणसांशी बोलले आणि मग रंग दिला, हा फरक. आपल्याकडे रंग आधी!

आता पुढची गोष्ट. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली. (त्या महिन्यात आमच्या घरात काय चाललं होतं ते वर सांगितलंच.) २०२३ च्या एप्रिलमध्ये कंपनीने पायलटांसाठी नवी पगार-रचना आणली. ठरावीक उड्डाण-भत्त्याचे तास २० चे ४० केले, आणि चार वर्षांहून जुन्या कमांडरना ‘सीनियर कमांडर’ करून मॅनेजमेंटमध्ये धरायचं ठरवलं. वरवर बढती! पण तेव्हाच्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात मॅनेजमेंटचा माणूस ‘कामगार’ धरला जात नव्हता. म्हणजे मान वाढणार आणि युनियनचं छत्र जाणार. दीड हजारांहून जास्त पायलटांनी रतन टाटांना पत्र लिहून दाद मागितली. विरोध कोणी केला, ठाऊक आहे? गिल्ड आणि असोसिएशन, दोघांनी मिळून! २०११-१२ मध्ये ज्यांच्या मागण्या एकमेकांच्या विरुद्ध होत्या, त्या दोन संघटना अकरा-बारा वर्षांनी एका बाजूला उभ्या राहिल्या.

लगेच पुढच्या वर्षी विस्तारा. एअर इंडियात विलीन होण्याआधी विस्ताराच्या पायलटांना सारखी पगार-रचना लावायची होती. आधी त्यांना ७० तासांच्या उड्डाणाचे पैसे हमखास मिळायचे, आता ४० तासांचे मिळणार. जास्त उडालात तर जास्त मिळेल, असं कंपनीचं म्हणणं. पण हमखास मिळणारं आणि मिळू शकणारं यात केवढा फरक असतो, ते महिनाअखेर घर चालवणाऱ्या माझ्या मम्मीला विचारा. एप्रिल २०२४ च्या सुरुवातीला इतके पायलट रजेवर गेले, की विस्ताराला रोजची २५-३० उड्डाणं कमी करावी लागली. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा हे नाव संपलं.

सेमिनारच्या शेवटी सरांनी विचारलं, “मग चूक कोणाची? पायलटांची की मॅनेजमेंटची?”

मी तयार करून ठेवलेलं उत्तर विसरले. म्हणाले, “सर, संपात प्रवासी अडकले, ते चूकच. आमच्या एसटीच्या संपात खेड्यातली मुलं महिनोन् महिने शाळा-कॉलेजात येऊ शकली नाहीत, तेही खरं. पण दोन कंपन्या एक करताना विमानं मोजतात, कर्ज मोजतात, इमारती मोजतात. माणसाची वर्षं मोजायची वेळ शेवटी येते. तोपर्यंत त्याला वाटायला लागतं, की ती वर्षं कोणी धरतच नाहीये. मग तो पैसे मागतो, कारण वर्षं मागायला दुसरा शब्द नाही.” सरांनी मान हलवली आणि दहापैकी आठ दिले. (दोन मार्क पीपीटीतल्या स्पेलिंग मिस्टेकचे गेले. कॉन्व्हेंटची असूनसुद्धा!)

सेमिनार झाल्यावर सुट्टीत जालन्याला गेले. संध्याकाळी पप्पा ओट्यावर बसले होते. मी शेजारी बसले आणि एका दमात बोलून टाकलं, “पप्पा, तेव्हा अकरावीत मी फीचं बोलले ते बोलायला नको होतं.”

पप्पा म्हणाले, “जायचं माझ्या मनात आधीच आलं होतं गं. तुझ्यामुळे नाही गेलो.” थोडं थांबून म्हणाले, “पण ‘तुमचं विलीनीकरण’ म्हणालीस, ते लागलं. ते काय माझ्या एकट्याचं होतं?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

तेवढ्यात शेजारचे काका आले. हो, आता येतात. कधी सुरू झालं ते दोघांनाही सांगता येत नाही. कोणी कोणाची माफी मागितली नाही. एकदा गाडी वाटेत पंक्चर झाली, दोघांनी मिळून चाक बदललं आणि त्या दिवशी डबा पुन्हा एकत्र उघडला, एवढंच मम्मी सांगते.

पप्पा काकांना म्हणाले, “हिने कॉलेजात पायलट लोकांच्या संपावर भाषण केलंय.” मग काय, मला ओट्यावर सगळा सेमिनार पुन्हा द्यावा लागला, पीपीटीशिवाय. २००७ पासून विस्तारापर्यंत. काका फार लक्ष देऊन ऐकत होते. ५८ दिवसांचं ऐकून म्हणाले, “आमचे त्यापेक्षा जास्त झाले.” मग विचारलं, “एवढं सगळं करून शेवटी त्यांच्या यादीत पहिला नंबर कोणाचा लागला?”

मी म्हटलं, “काका, एक यादी झाली की पुढचं विलीनीकरण येतं. मग पुन्हा नवी यादी.”

काका हसले. पप्पांकडे बघून म्हणाले, “चला ड्रायव्हरसाहेब, सकाळी साडेपाचची गाडी आहे.” आणि ओट्याच्या खांबावर बोटांनी दोनदा टकटक केलं.

डबल बेल!